चौथा पाणवठा

चौदा वर्षं मी कॅल्गरीत गोगलगायींना लेट्यूस उकडून घातला आणि त्या कामाचा मला पगार मिळाला. हे वाक्य इथल्या मराठी मंडळाच्या गेट-टुगेदरला टाकलं की बायकांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "खायच्या का त्या?" खायच्या नव्हेत. आमच्या मंडळात सगळे तेलाच्या कंपन्यांत नाहीतर आयटीत. माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं, काम सांगायला सोपं, तो पाइपलाइनचा इंजिनियर. माझं काम समजावून सांगायला लागलं की समोरच्याचं बिस्किट चहात विरघळून जातं आणि त्याला पत्ता लागत नाही. आता निवृत्त झाले आहे, दिवाळी अंकाच्या संपादकांनी हवी तेवढी पानं दिली आहेत, तेव्हा एकदाचं नीट सांगते.

नागपूरला मी ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं ग्रोसरी स्टोअरमध्ये लोकांच्या पिशव्या भरल्या. मग विद्यापीठाची जाहिरात दिसली, प्रयोगशाळेत गोगलगायी सांभाळायला माणूस पाहिजे. मुलाखतीला ग्रेग होता, पुढे माझा बॉस झालेला प्रोफेसर. इथे बॉसलाही नावाने हाक मारायची, ते अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं. त्याने विचारलं, "किळस वगैरे येते का?" मी म्हटलं, "मी बारा वर्षं मुलांकडून बेडूक कापून घेतलेत." सोमवारपासून ये म्हणाला.

आमची प्रयोगशाळा बेसमेंटमध्ये होती. बाहेर उणे तीस, पार्किंगमध्ये गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून हीटर प्लग करून ठेवायचा, आणि जिना उतरून खाली गेलं की सव्वीस अंश, दमट हवा आणि डबक्याचा वास. रांगेने काचेच्या टाक्या, प्रत्येकीत शेकडो गोगलगायी. आफ्रिकेतल्या सरोवरांतून आणलेल्यांच्या लेकीसुना. कोटाच्या बटणाएवढ्या, तपकिरी, चपट्या, दिसायला अगदी गरीब. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही म्हणून पाणी बादल्यांत भरून ठेवायचं, लेट्यूस हलका उकडून द्यायचा, मेलेल्या रोज वेचायच्या. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. एकदा खाली येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आई, दॅट्स सो ग्रोस," आणि मैत्रिणींना मात्र आई सायंटिस्ट आहे म्हणून सांगत राहिली.

आपल्याकडे म्हणतात ना, गोगलगाय आणि पोटात पाय. या जातीला ते तंतोतंत लागू पडतं. हिच्या पोटात एका कृमीची पिल्लं वाढतात. त्यांनी जो आजार होतो त्याला बिल्हार्झिया म्हणतात. आजारी माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात जातात. अंडी फुटून जे बाहेर येतं ते गोगलगाय शोधून तिच्यात शिरतं. काही आठवड्यांनी त्या एकाचे हजारो होऊन बाहेर पोहायला लागतात आणि माणूस पाण्यात उतरायची वाट बघतात. कपडे धुणारी बाई, डुंबणारं पोर, जाळं ओढणारा कोळी, कुणीही चालतं. पाणी प्यावं लागत नाही. नुसता पाय बुडाला तरी काही मिनिटांत ते कातडीतून आत जातात, रक्तातून यकृताकडे पोचतात, तिथे नर-मादीची जोडी जमते आणि ती जोडी वर्षानुवर्षं एकमेकांना बिलगून राहते. आपण सप्तपदी चालून इतकं बिलगून राहत नाही. त्यांची अंडी यकृतात अडकतात, यकृत टणक होतं, पोट फुगतं. गोळी आहे, चांगली आहे, आतले कृमी मरतात. पण गोळी घेऊन माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरला की पुन्हा आजारी.

पहिल्यांदा मी ती पिल्लं गोगलगायीतून बाहेर पडताना पाहिली तो दिवस मला लख्ख आठवतो. एका ग्लासात स्वच्छ पाणी आणि एक गोगलगाय, वर दिवा. उजेड पडला की ते दुपार झाली असं समजतात आणि निघतात, असं ग्रेगने सांगितलं होतं. तासभर काही नाही. मग त्या काचेसारख्या पाण्यात काहीतरी लुकलुकायला लागलं. भिंगातून पाहिलं तर स्वल्पविरामाएवढे जीव, शेपटीला टोकाशी दोन फाटे, वर जातायत, खाली येतायत, थांबतायत, पुन्हा वर. डोळे नाहीत, डोकं म्हणावं असं नाही, आयुष्य जेमतेम एका दिवसाचं, आणि तरी दुपार कधी होते आणि माणसाची कातडी कुठे आहे, हे त्यांना कळतं. मला खरं तर भीती वाटायला हवी होती. मी हातमोजे घालून तिथे उभी राहिले आणि थक्क होऊन बघत बसले. चौदा वर्षांत ते आश्चर्य कमी झालं नाही.

आता पाणवठ्यांकडे येते. गोगलगायी सगळ्या सरोवरात सारख्या नसतात आणि माणसंही सगळीकडे सारखी उतरत नाहीत. म्हणून गावातला एकेक पाणवठा अभ्यासायचा. टांझानियात मोठ्या सरोवराच्या काठी एक गाव होतं, तिथे ग्रेगचा प्रकल्प चालू होता. गावाला चार पाणवठे. प्रत्येक ठिकाणी एक माणूस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बसायचा आणि कागदावर लिहायचा, किती वाजता कोण आलं, बाई की पुरुष, साधारण वय काय, कशासाठी आलं, अंग किती भिजलं, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की मानेपर्यंत, आणि किती वेळ. त्याच ठिकाणच्या गोगलगायी वेचून त्यांतल्या किती रोगी ते वेगळं मोजायचं. दोन्ही जुळवलं की कुठला पाणवठा किती धोक्याचा, ते ठरतं.

पाणवठा हा शब्द मी नोकरीवर इंग्रजीत ऐकत होते, पण मनात मराठीतच उमटायचा. आईच्या गावी नदीला दोन पाणवठे होते. वरच्या अंगाचा गावाचा, खालच्या अंगाचा आमच्या लोकांचा. वरच्या पाण्याला आम्ही हात लावायचा नाही. आई हे चिडून सांगायची नाही, नेहमीच्या स्वरात सांगायची, त्यामुळे जास्त लागायचं. इथे कॅल्गरीत एप्रिलमध्ये आम्ही जयंती करतो, बाहेर पुष्कळदा बर्फ पडत असतो आणि कम्युनिटी हॉलमध्ये मी मुलांना महाडच्या तळ्याची गोष्ट सांगते, आपली माणसं ओंजळभर पाण्यासाठी कशी चालत गेली ती. मुलं विचारतात, "बट वॉटर इज फ्री, राइट?" त्यांना समजावताना माझी दमछाक होते.

ते कागद खोकी भरून कॅल्गरीला यायचे. गोगलगायींचं काम दुपारपर्यंत उरकायचं, म्हणून ते कंप्युटरवर चढवण्याचं काम ग्रेगने माझ्याकडे दिलं. मला ते आवडायचं. लिहिणाऱ्याची ओळख नसताना अक्षरांवरून ओळख व्हायची. चौथ्या पाणवठ्याचे कागद जोसेफ नावाच्या गृहस्थांचे असत, निवृत्त शाळामास्तर, अक्षर मोत्यासारखं. फक्त त्यांच्या प्रत्येक कागदावर बारा ते दोन या वेळेचे रकाने कोरे असायचे. आमचा प्रोग्रॅम कोरा रकाना घ्यायचा नाही, लाल खूण करून अडून बसायचा. मी विचार केला, मास्तर इतके टापटिपीचे आहेत, कुणी आलं नसेल म्हणून कोरं सोडलं असणार. भर दुपारी उन्हात कोण कडमडायला येतंय? मी त्या जागी शून्य टाकलं. प्रोग्रॅम खूश, मी खूश. वर्षभर मी तसंच केलं आणि कुणाला विचारलं नाही.

मग नकाशा तयार झाला. रंग मीच निवडले होते. प्रत्येक पाणवठ्याला एक लाल वर्तुळ, जितका धोका जास्त तितकं मोठं. दुसऱ्या पाणवठ्यावर होड्या लागायच्या, तिथलं वर्तुळ सगळ्यांत मोठं झालं. चौथ्यावर रोगी गोगलगायी भरपूर निघाल्या होत्या, पण धोक्याच्या वेळेला, म्हणजे दुपारी, तिथे माणूसच नव्हता, म्हणून वर्तुळ अगदी लहान. एका मदतसंस्थेने गावाला एक बोअरवेल आणि तिच्याजवळ धुण्याचा सिमेंटचा ओटा बांधून द्यायचं कबूल केलं होतं. एकच. तो कुठे बांधायचा हे या नकाशावरून ठरणार होतं. ग्रेगने तो भिंतीवर लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की इतका स्वच्छ डेटा त्याने आजवर पाहिला नव्हता. मी घरी येऊन मिलिंदला ते वाक्य दोनदा ऐकवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, दोन हजार दहाच्या हिवाळ्यात, ग्रेग मला तिकडे घेऊन गेला. गावच्या दवाखान्यात गोगलगायी तपासायचं काम स्थानिक लोकांना शिकवायचं होतं. कॅल्गरीहून निघताना पार्का, म्हणजे बर्फातला जाड कोट, घातलेला, उतरले तेव्हा तो हातात धरवेना.

मग सरोवर पाहिलं. मी त्याला नकाशावर नुसता निळा रंग दिला होता. इथे पलीकडचा काठच नव्हता. लाटा, पांढरे पक्षी, काठावर लव्हाळ्यासारखं गवत, आणि त्या गवताच्या देठांना माझ्या ओळखीच्या गोगलगायी चिकटलेल्या. बेसमेंटमधल्या माझ्या पोरींचं माहेर. मला एकदम भरून आलं, आता सांगायला लाज वाटते, पण आलं.

दवाखान्यात नीमा भेटली. पस्तिशीची, चौथ्या पाणवठ्याकडच्या वस्तीतली, हायस्कूलपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजी येत होतं म्हणून वस्तीतल्या बायकांच्या वतीने तीच बोलायची. तिच्याबरोबर तिची मुलगी रेहेमा होती, दहा-अकरा वर्षांची, काटकुळे हातपाय आणि फुगलेलं पोट. नर्सने तपासलं, गोळ्या दिल्या. नीमा माझ्याकडे वळून म्हणाली, "दरवर्षी गोळ्या घेते. दोन महिने बरी असते. मग पुन्हा हेच."

"तिला पाण्यात जाऊ देऊ नका," मी म्हटलं. मास्तरीण बोलते तसं.

"मग धुणं कोण करेल? आंघोळ कुठे करायची? कॅनडात?" नर्स हसली, मीही हसले. नीमा हसली नाही. "ओटा होणार आहे म्हणतात. तो आमच्याकडे का नाही? तिकडे होड्यांजवळ का?"

मला वाटलं, आता माझ्या विषयाचा प्रश्न आला. मी तिला शांतपणे समजावलं, की आम्ही वर्षभर मोजलंय, तुमच्या पाणवठ्यावर दुपारी कुणी येत नाही, म्हणून तिथे धोका कमी आहे.

तिने रेहेमाचा हात धरला. मग म्हणाली, "उद्या बाराला ये."

दुसऱ्या दिवशी मी पावणेबाराला चौथ्या पाणवठ्यावर गेले. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात क्लिपबोर्ड. झाडाखाली स्टुलावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. हेच जोसेफ मास्तर. मी ओळख करून दिली, म्हटलं तुमचं अक्षर मी वर्षभर वाचतेय. त्यांना फार आनंद झाला. आम्ही शाळेच्या गोष्टी करत होतो तेवढ्यात त्यांनी घड्याळ पाहिलं, फाइल मिटली आणि स्टूल उचललं.

"कुठे निघालात?"

"बायकांची वेळ झाली," ते म्हणाले. "त्या धुणं करतात, आंघोळ करतात. पुरुषाने इथे बसायचं नसतं. मी दोनला परत येतो."

"रोज?"

"रोज."

"मग कागदावर काय लिहिता?"

"काहीच नाही. कोरं सोडतो," मास्तर म्हणाले. "जे मी पाहिलं नाही ते कसं लिहू, मॅडम?"

ते पाठ फिरवून चढावरून निघून गेले.  कोण कडमडायला येतंय, असं मी म्हटलं होतं ना? पायवाटेने बायका यायला लागल्या. डोक्यावर कपड्यांची गाठोडी, कडेवर पोरं, हातात साबण, मोठ्याने हसणं-बोलणं. मी कागदावर रेघा ओढायला लागले, दर बाईला एक रेघ. अर्ध्या तासात पहिलं पान भरलं. म्हाताऱ्या, पोटुशा, शाळेतल्या पोरी. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, मानेपर्यंत. रेहेमा मानेपर्यंत होती.

नीमा पाण्यात उभी राहून चादर आपटत होती. मी काठावरून तिला विचारलं, "दुपारीच का? सकाळी का नाही येत?"

"सकाळी होड्या येतात, पुरुष असतात. मग शेत असतं. संध्याकाळी पुन्हा पुरुष," ती म्हणाली. "दुपारी ते झोपतात. कपडे वाळायला ऊन असतं. ही वेळ आमची." मग पुढे सहज म्हणाली, "पण दुपारी पाणी चावतं."

"चावतं म्हणजे?"

"खाज येते. सकाळी कधी पाण्यात गेलं तर येत नाही. दुपारी येते, तिथे, गवताच्या बाजूला जास्त. आमच्या आयाही तेच सांगायच्या. पोरींना आम्ही गवताकडे जाऊ देत नाही, पण पोरी ऐकतात का?"

 दिवा लावून, भिंग लावून, कित्येक लोकांनी किती वर्षं राबून जे शोधलं, की दुपारी ते बाहेर पडतात आणि गवताजवळ जास्त असतात, ते या बायकांना कातडीने माहीत होतं. आयांनी लेकींना सांगितलेलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच. आणि जी एकच वेळ त्यांना पुरुषांच्या नजरेतून मोकळी मिळत होती, तीच नेमकी त्या किड्यांची वेळ होती. इतकी क्रूर जुळणी मी आयुष्यात पाहिली नाही. आणि तरी त्या हसत होत्या, एकमेकींच्या पाठी चोळत होत्या, एक म्हातारी गात होती. त्या बायकांपुढे मला हात जोडावेसे वाटले.

पाण्यातून एकीने मला हाक मारली, हाताने ये ये केलं. मी बुटांत, कोरड्या वाळूवर, मान हलवत राहिले. तिने नीमाला काहीतरी विचारलं आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"ती विचारते," नीमा म्हणाली, "आमचं पाणी तुला घाण वाटतं का?"

मला रडू फुटलं. मी त्या आईच्या पोटची, जिला वरच्या पाण्याला हात लावू दिला नाही, आणि मी एका गावच्या पाण्यापासून चार पावलं लांब उभी राहून त्याच्या मालकिणींना अशी दिसत होते. आजाराचं कारण खरं होतं, माझं न उतरणं बरोबर होतं, तरीही ते ऐकवेना. मी म्हटलं, "घाण नाही. मी भित्री आहे." नीमाने ते भाषांतर केलं आणि मोठा हशा पिकला. तिकडे बाईला मान देऊन 'मामा' म्हणतात. त्या दिवसापासून माझं नाव भित्री मामा पडलं.

निघताना नीमाने माझ्या रेघा मोजून बघितल्या. "आता नकाशा बदलेल?"

"बदलेल," मी म्हटलं.

शून्य कुणी टाकलं ते मी तिला सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. भित्री मामा हे नाव त्यांना वाटलं त्यापेक्षा जास्त खरं होतं.

ग्रेग पुढे दुसऱ्या गावी गेला होता, मी एकटी परत आले. घरी आल्यावर मिलिंदला सगळं सांगितलं. तो ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करून नुकताच आत आला होता, टोपीवर बर्फ होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, आमच्याकडे एखाद्या गेजचं रीडिंग ब्लँक आलं तर आम्ही झिरो नाही टाकत. गाडी काढून बघायला माणूस पाठवतो." त्याने टोमणा मारला नव्हता, नुसतं सांगितलं होतं. मला त्याच्यावरच राग आला आणि मी जेवले नाही.

ग्रेग परतला त्या दिवशी सकाळी मी त्याच्या खोलीत गेले. मास्तरांचे मूळ कागद आणि माझी प्रिंट शेजारी शेजारी ठेवली.  "इथे कोरं आहे आणि इथे शून्य आहे," मी म्हटलं. "हे शून्य मी टाकलं. कुणाला विचारलं नाही. तिथे दुपारी आख्खी वस्ती पाण्यात असते." नोकरी जाईल असं मी धरूनच चालले होते.

त्याने एकेक कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, "त्या रिपोर्टवर पहिलं नाव माझं आहे. आणि मी मूळ कागद एकदाही पाहिले नाहीत." पुढे म्हणाला, "बायकांच्या पाणवठ्यावर पुरुष बसवले, तेही मीच ठरवलं." माझ्यादेखत त्याने मदतसंस्थेला चुकीची कबुली लिहिली आणि नकाशा मागे घेतला. दुपारपर्यंत उत्तर आलं. दुसऱ्या पाणवठ्यावर बोअर मारून झाली होती, ओट्याचं सिमेंट ओतलं होतं. चौथ्या पाणवठ्याचा विचार पुढच्या खेपेला करू.

पुढची खेप यायला दोन वर्षं लागली. तोवर आम्ही मोजायला बायका नेमल्या, नीमा त्यांची मुख्य झाली. ग्रेगने नवे नियम केले, कोऱ्या रकान्याला प्रोग्रॅममध्ये वेगळी खूण आली. नवीन पोरं कामावर आली की मी त्यांना बजावायची, "डोन्ट गेस. आस्क." सगळं सुधारलं. पण दर सहा महिन्यांनी गावातल्या मुलांच्या तपासणीचे निकाल माझ्याच टेबलावर यायचे. नावं नसायची, नुसते नंबर. एक नंबर कुणाचा ते मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी दवाखान्यात नर्सने रेहेमाच्या कागदावर तो लिहिला तेव्हा मी शेजारी उभी होते. पहिल्या सहामाहीत वाईट, गोळीनंतर बरा, पुन्हा वाईट. मी तो आकडा चढवायची आणि वरच्या मजल्यावर कॉफी आणायला जायची. बेसमेंटमध्ये बसवायचं नाही.

दोन हजार बाराला मी दुसऱ्यांदा गेले. चौथ्या पाणवठ्यापाशी ओटा झाला होता. बायकांनी सांगितली तशी त्याला खांद्याएवढी भिंत, आत आंघोळीला आडोसा, वर पत्रा. बाराच्या सुमाराला तिथे गजबज होती. काही बायका अजूनही सरोवरात जायच्या, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ही त्यांची तक्रार होती, पण बऱ्याचशा ओट्यावर होत्या. भित्री मामा आली म्हणून ओरडा झाला. रेहेमा उंच झाली होती. पोट कमी दिसत होतं, पण पूर्ण गेलं नव्हतं. यकृत एकदा टणक झालं की गोळी ते सगळं परत मऊ करत नाही, हे मला पुस्तकातून पाठ होतं.

नीमा ओट्याच्या टोकाला एकटी चादरी धूत होती. मी तिच्यापाशी गेले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मास्तरांनी कागद कोरा सोडला होता, तिथे शून्य मी लिहिलं. त्यामुळे ओटा तिकडे गेला. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

ती हात थांबवून ऐकत होती. मास्तरांना आम्हीच जायला सांगायचो, असं ती म्हणेल, अशी मला आशा होती. ती तसं म्हणाली नाही.

"दोन वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"त्या दोन वर्षांत रेहेमा तीनदा आजारी पडली. एक वर्ष शाळेत गेली नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "आकडे माझ्याकडेच येत होते."

 शिवी दिली असती तरी मी घेतली असती. मग तिने टबातून एक भिजलेली चादर वर काढली, तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरली.

"पीळ," ती म्हणाली.

मी पिळली. ती एका बाजूने, मी उलट्या बाजूने, चादर कडक होईपर्यंत. पाणी माझ्या कोपरांवरून साडीवर आलं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. तिने ती चादर खांद्यावर टाकली आणि टबातून दुसरी काढली.